उबंटूवर टर्मिनलमधून ड्रायव्हर बसवताना नेमकं कुठे अडतं

विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. ज्या जुन्या मशीनवर विंडोज ११ चढत नाही, तिच्यासाठी उबंटू किंवा मिंट (दोन्ही लिनक्सच्या प्रणाली) हा सरळ मार्ग उरतो. मशीन इंदूरच्या आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमधून घेतलेला सेकंडहँड लॅपटॉप असो की रामबागेतल्या घरात कित्येक वर्षं चाललेला डेस्कटॉप, इन्स्टॉलेशन तासाभरात होतं. मग मात्र वाय-फाय दिसत नाही, प्रिंटर कागद ओढत नाही, नाहीतर ग्राफिक कार्डामुळे स्क्रीन काळी पडते.

इथे विंडोजची सवय आड येते. कंपनीच्या साइटवर जा, ड्रायव्हर उतरवा, नेक्स्ट-नेक्स्ट करा. लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर कर्नलच्या, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याच्या, आतच असतात. उरलेले उबंटूच्या भांडारात (इंटरनेटवरच्या पॅकेजसाठ्यात) असतात आणि बाहेरून आणावे लागतात असे अगदी थोडे. त्यामुळे शोधाशोध करण्याआधी मशीनलाच विचारायचं: तुझ्यात कुठली चिप आहे आणि तू अडलीस कशावर?

कमांड कशा वाचायच्या

मुलगा पुण्यात, लॅपटॉप सुदामा नगरात आईसमोर, अशीच ही कामं बहुधा होतात. म्हणून टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, द्यायच्या कमांड इथे फोनवर सांगतात तशा देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना रोमन अक्षरं वापरा, वेगळं सांगितलं नसेल तिथे सगळी लहान, आणि अंक इंग्रजी. जागा, तिरप्या रेघा, टिंबं आणि डॅश जिथे दिसतात तिथेच द्या. सुडो (कमांडला ॲडमिनचा अधिकार देणारं) म्हणजे एस-यू-डी-ओ, एपीटी (पॅकेजेस आणून बसवणारं साधन) म्हणजे ए-पी-टी.

सांगणाऱ्यानं तीन गोष्टी आधीच सांगून ठेवाव्यात. पासवर्ड टाकताना स्क्रीनवर ठिपकासुद्धा उमटत नाही, तरी तो टाइप होत असतो. कंट्रोल-सी नं कॉपी होत नाही, चालू असलेली कमांड थांबते. टर्मिनलमध्ये कॉपीसाठी कंट्रोल-शिफ्ट-सी आणि पेस्टसाठी कंट्रोल-शिफ्ट-व्ही. आणि कमांड व्हॉट्सॲपवर पाठवली तर फोनचा कीबोर्ड पहिलं अक्षर मोठं करून टाकतो. मग टर्मिनल ‘कमांड नॉट फाउंड’ म्हणतं आणि समोरचा माणूस उगाच पासवर्डावर संशय घेतो. वर्डमधून चिकटवलेल्या कमांडमध्ये दोन डॅशचा एक लांब डॅश झालेला असतो. तो दिसायला ठीक दिसतो, पण चालत नाही.

आधी एपीटी नीट चालू द्या

ड्रायव्हर बसत नाही म्हणून येणाऱ्या तक्रारींत पुष्कळदा दोष ड्रायव्हरचा नसतो, एपीटीच आधी अडलेलं असतं. म्हणून सुरुवात इथून करा:

सुडो एपीटी अपडेट

‘रिलीज फाइल इज नॉट व्हॅलिड यट’ असं आलं तर मशीनचं घड्याळ मागे आहे. जुन्या डेस्कटॉपमध्ये मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला की प्लग काढताच तारीख कित्येक वर्षं मागे जाते, आणि ‘भविष्यातली’ फाइल एपीटी स्वीकारत नाही. ब्राउझरही त्याच कारणानं प्रत्येक साइट असुरक्षित ठरवतो. आत्तापुरतं ‘सुडो टाइमडेटसीटीएल सेट-एनटीपी ट्रू’ पुरतं, कायमचा उपाय म्हणजे नवा सेल. लॅपटॉपमध्ये हा सेल बहुधा वायर आणि कनेक्टरसह येतो, तेव्हा जुना काढून दुकानात दाखवूनच नवा घ्या.

‘कुड नॉट गेट लॉक’ आलं तर पार्श्वभूमीला आपोआप अपडेट चालू आहे. ताज्या इन्स्टॉलेशननंतर पहिल्या अर्ध्या तासात हे हमखास दिसतं. ओळीच्या शेवटी प्रक्रियेचं नाव असतं. ते ‘अनअटेंडेड-अपग्र’ असं अर्धवट दिसलं तर वाट पाहा. लॉकची फाइल पुसून टाका असा सल्ला सगळीकडे मिळतो. तो ऐकू नका. दोन प्रक्रिया एकाच वेळी पॅकेजच्या नोंदीत लिहू लागल्या की मग खरं दुखणं सुरू होतं.

पावसाळ्यात मधेच लाइट गेली आणि लॅपटॉपची बॅटरी मेलेली असली तर पुढच्या वेळी ‘डीपीकेजी वॉज इंटरप्टेड’ दिसेल. तेव्हा याच क्रमानं:

सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए
सुडो एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल

पहिली कमांड अर्धवट राहिलेली पॅकेजेस पुरी करते, दुसरी राहिलेली अवलंबनं (त्यांना लागणारी इतर पॅकेजेस) आणते. दोन्ही अपयशी ठरल्या तर ‘डीएफ -एच’ देऊन डिस्क भरली आहे का ते पाहा. वेगळं बूट विभाजन असेल तर तेच आधी भरतं. ‘सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह’ जुने कर्नल काढून जागा करतं.

‘हॅश सम मिसमॅच’ म्हणजे जवळचा आरसा-सर्व्हर (भांडाराची नक्कल ठेवणारा) अर्धवट ताजा झालेला आहे. ‘सॉफ्टवेअर अँड अपडेट्स’मध्ये भारताचा सर्व्हर बदलून मुख्य सर्व्हर निवडा आणि अपडेट पुन्हा द्या. याच चुकीवर एपीटीच्या याद्या आरएम -आरएफ (न विचारता फाइली पुसणारी कमांड) नं उडवायला सांगणारेही भेटतात. फोनवरून आरएम -आरएफ कधीही सांगू नये. तिरप्या रेघेनंतर एक चुकीची जागा पडली की याद्यांबरोबर बाकीचं घरही जातं.

‘अनेबल टू लोकेट पॅकेज’ दिसलं तर आधी नावातलं स्पेलिंग तपासा. ते बरोबर असेल तर युनिव्हर्स भांडार बंद असेल:

सुडो ॲड-एपीटी-रिपॉझिटरी युनिव्हर्स

आणि एक सवय लावून घ्या, ती बाकी सगळ्यापेक्षा महत्त्वाची आहे. एपीटी होय-नाही विचारतं तेव्हा वर यादी देतं. त्यात ‘विल बी रिमूव्ह्ड’ हा भाग आहे का ते पाहा. प्रिंटरचं पॅकेज घालताना काढायच्या यादीत उबंटू-डेस्कटॉप किंवा नेटवर्क-मॅनेजर दिसलं तर एन दाबा. वाय दाबून पुढे गेलेल्यांची मशीन नुसत्या काळ्या लॉगिनवर उघडते.

डेब फाइल (उबंटूची पॅकेज फाइल) खरोखरच बाहेरून आणावी लागली तर ती डीपीकेजीनं न बसवता एपीटीनं बसवा, म्हणजे अवलंबनंही येतात:

सुडो एपीटी इन्स्टॉल ./फाइलचं-नाव.डेब

नावाआधीचं टिंब आणि तिरपी रेघ सोडली तर एपीटी त्या नावाचं पॅकेज भांडारात शोधत बसतं.

वाय-फाय

वाय-फायचा ड्रायव्हर आणायला इंटरनेट हवं आणि इंटरनेटला वाय-फाय, हा पेच यूएसबी टेदरिंगनं सुटतो. अँड्रॉइड फोन केबलनं जोडा, हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. उबंटूला त्यासाठी वेगळा ड्रायव्हर लागत नाही. फोन घरच्या वाय-फायवर असेल तर बहुतेक फोन तेच नेट पुढे देतात, मोबाइल डेटा खर्च होत नाही. तो पर्याय फिकट दिसत असेल तर केबल फक्त चार्जिंगची आहे, दुसरी घ्या.

आता मशीनला विचारा. आतल्या कार्डासाठी:

एलएसपीसीआय -एनएनके

यूएसबी डोंगलसाठी नुसतं ‘एलएसयूएसबी’. पहिल्या कमांडच्या उत्तरात ‘नेटवर्क कंट्रोलर’ची ओळ शोधा. चौकटी कंसातला चार-चार अक्षरांचा जोड ही चिपची खरी ओळख. खाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ अशी ओळ असेल तर ड्रायव्हर लागलेला आहे आणि अडचण दुसरीकडे आहे. ती ओळच नसेल तर ड्रायव्हर नाही. पुढचा सगळा रस्ता या एका ओळीवर ठरतो.

ड्रायव्हर लागला आहे पण नेटवर्क दिसत नाही, तर ‘आरएफकिल लिस्ट’ द्या. ‘सॉफ्ट ब्लॉक्ड’समोर येस असेल तर ‘आरएफकिल अनब्लॉक ऑल’ पुरतं. ‘हार्ड ब्लॉक्ड’समोर येस असेल तर कुठलीच कमांड उपयोगाची नाही. लॅपटॉपवर खटका आहे. जुन्या थिंकपॅडच्या कडेला बारीक सरकपट्टी असते, बॅगेतून काढताना ती सरकते. बाकी लॅपटॉपवर एफएन बरोबरची कळ.

नेट दर थोड्या वेळानं तुटत असेल तर वीजबचत बंद करून पाहा. नेटवर्कमॅनेजरच्या कॉन्फ.डी फोल्डरमध्ये ‘डिफॉल्ट-वायफाय-पॉवरसेव्ह-ऑन.कॉन्फ’ ही फाइल आहे, तिच्यातली किंमत ३ असते, ती २ करा:

सुडो नॅनो /ईटीसी/नेटवर्कमॅनेजर/कॉन्फ.डी/डिफॉल्ट-वायफाय-पॉवरसेव्ह-ऑन.कॉन्फ

या मार्गात नेटवर्कमॅनेजरचा एन आणि मधला एम मोठे आहेत. ते लहान लिहिले तर नॅनो (टर्मिनलमधला फाइल-संपादक) रिकामी फाइल उघडतं. रिकामी दिसली की समजा, मार्ग चुकला.

ड्रायव्हरच नसेल तर ओळख पाहा. १४ई४ नं सुरू होणारी चिप ब्रॉडकॉमची. १४ई४:४३६५ म्हणजे बीसीएम४३१४२, जुन्या स्वस्त लॅपटॉपांत सापडणारी. तिला हे लागतं:

सुडो एपीटी इन्स्टॉल बीसीएमडब्ल्यूएल-कर्नल-सोर्स

१०ईसी नं सुरू होणारी रिअलटेकची. १०ईसी:सी८२१ म्हणजे आरटीएल८८२१सीई. तिचा ड्रायव्हर कर्नल ५.९ पासून आतच आहे. उबंटू २४.०४ मध्ये ६.८ किंवा त्याहून नवा कर्नल असतो, त्यामुळे काहीच घालावं लागत नाही. तरीही जुने लेख वाचून लोक तिच्यासाठी गिटवरून सोर्स कोड उतरवून स्वतः ड्रायव्हर बांधतात. एका चिपवर दोन ड्रायव्हर दावा सांगू लागले की कधी हा जिंकतो, कधी तो. कोणी आधीच बांधून ठेवला असेल तर ‘डीकेएमएस स्टेटस’मध्ये दिसेल (डीकेएमएस म्हणजे असे ड्रायव्हर बांधणारं साधन), तो काढा.

ड्रायव्हर आहे पण फर्मवेअर (उपकरणाच्या आत चालणारा प्रोग्रॅम) नाही अशीही स्थिती असते:

सुडो डीमेसेज | ग्रेप -आय फर्मवेअर

इथे कमांडचं खरं स्पेलिंग डी-एम-ई-एस-जी. ग्रेप म्हणजे जी-आर-ई-पी. ‘फेल्ड विथ एरर -२’ असं आलं तर -२ चा अर्थ फाइल सापडली नाही, एवढाच. ‘लिनक्स-फर्मवेअर’ पॅकेज ताजं करा.

जेल रोडवर यूएसबी डोंगल घ्यायला जाणार असाल तर डब्यावरचं नाव पुरत नाही. टीपी-लिंकचा टीएल-डब्ल्यूएन७२२एन पहिल्या आवृत्तीत ॲथेरॉसच्या चिपवर होता, दुसऱ्या-तिसऱ्या आवृत्तीत रिअलटेकवर. नाव तेच, खोकंही जवळपास तेच. स्टिकरवरचा व्ही नंतरचा आकडा बघून घ्या. काही डोंगल लावल्यावर आधी स्वतःला सीडी म्हणून दाखवतात, कारण विंडोजचा ड्रायव्हर त्यांच्या पोटातच असतो. एलएसयूएसबीमध्ये ०बीडीए:१ए२बी दिसलं तर हाच प्रकार:

सुडो यूएसबी_मोडस्विच -के -व्ही ०बीडीए -पी १ए२बी

यातला के मोठा. मोडस्विचआधीची आडवी रेघ खालची आहे, डॅश नाही. यानंतर एलएसयूएसबी पुन्हा द्या, आता वाय-फायची खरी ओळख दिसेल.

सिक्युअर बूटची निळी स्क्रीन

ड्रायव्हर बसला, एरर आली नाही, मशीन पुन्हा सुरू केली, तरी वाय-फाय नाही. ब्रॉडकॉमचं मॉड्यूल, म्हणजे कर्नलला जोडला जाणारा ड्रायव्हरचा तुकडा, हातानं चढवून पाहा:

सुडो मॉडप्रोब डब्ल्यूएल

‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ आलं तर सिक्युअर बूट चालू आहे. ‘मोकयूटिल --एसबी-स्टेट’ त्याची खात्री करून देतं. सिक्युअर बूटमध्ये कर्नल फक्त सही असलेली मॉड्यूल स्वीकारतो. तुमच्या मशीनवर बांधलेल्या मॉड्यूलला तुमच्याच मशीनच्या किल्लीची सही असते, पण ती किल्ली (तिलाच मोक म्हणतात) मशीनच्या फर्मवेअरकडे नोंदलेली नसते.

नोंदणीची संधी इन्स्टॉल करतानाच मिळालेली असते. टर्मिनलमध्ये एक पासवर्ड मागितला जातो आणि पुढच्या रिस्टार्टला निळी स्क्रीन येते. ती दहा सेकंदच थांबते. तेवढ्यात कळ दाबली नाही तर मशीन नेहमीसारखी सुरू होते आणि नोंदणी राहून जाते. चहा ठेवायला उठलं की नेमकी ती स्क्रीन येऊन जाते. पुन्हा मागवायची तर:

सुडो मोकयूटिल --इम्पोर्ट /वार/लिब/शिम-साइन्ड/मोक/मोक.डेर

शेवटच्या फाइलचं नाव, टिंबाच्या आधीची तीन अक्षरं, मोठ्या लिपीत. पासवर्ड साधा ठेवा, आठ लहान अक्षरं, चिन्हं नकोत, कारण निळ्या स्क्रीनवर अमेरिकन कीबोर्डच चालतो. रिस्टार्ट करा, मशीनसमोरून हलू नका. कुठलीही कळ दाबा, एनरोल मोक, कंटिन्यू, येस, तोच पासवर्ड, रीबूट.

सिक्युअर बूट सरळ बंद करण्याचा सल्लाही दिला जातो. नुसतं उबंटू असलेल्या मशीनवर तो चालतो. शेजारी विंडोज असेल आणि त्यावर बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) चालू असेल, तर विंडोज पुढच्या वेळी ४८ अंकी रिकव्हरी की मागेल. ती हाताशी नसेल तर त्या बटणाला हात लावू नका.

प्रिंटर

नव्या नेटवर्क प्रिंटरना आता बहुधा ड्रायव्हर लागत नाही. ‘ड्रायव्हरलेस’ ही कमांड द्या, यादीत प्रिंटर आला की काम झालं. डोकेदुखी जुन्यांची, आणि आपल्याकडे दुकानं, सीएची ऑफिसं, शाळा सगळीकडे अजून तेच चालतात.

एचपी लेझरजेट १०२०: याच्या आत फर्मवेअर टिकत नाही. बटण बंद केलं की ते पुसलं जातं, आणि चालू करताना कॉम्प्युटरनं दर वेळी पुन्हा पाठवावं लागतं. ते फर्मवेअर एचपीच्या बंदिस्त प्लगिनमध्ये आहे, म्हणून नुसतं एचपीलिप (लिनक्ससाठीचं एचपीचं प्रिंटर सॉफ्टवेअर) घालून भागत नाही:

सुडो एपीटी इन्स्टॉल एचपीलिप
एचपी-प्लगिन -आय
एचपी-सेटअप -आय

प्लगिनची आवृत्ती एचपीलिपच्या आवृत्तीशी जुळावी लागते. अपडेटनंतर कालपर्यंत चालणारा प्रिंटर आज गप्प असेल तर दुसरी कमांड पुन्हा द्या, बहुतेक वेळा तेवढंच कारण असतं.

कॅनन एलबीपी२९००: टिकाऊ, स्वस्त, आणि लिनक्सवर सगळ्यात हट्टी. हा पोस्टस्क्रिप्ट (प्रिंटरना पान सांगायची प्रचलित भाषा) समजत नाही. कॅननची स्वतःची कॅप्ट पद्धत वापरतो, तिचा ड्रायव्हर कॅननच्या साइटवरूनच आणावा लागतो, आणि त्यातले काही भाग ३२ बिटी आहेत. ३२ बिटी लायब्ररी नसतील तर काम रांगेत जातं, पूर्ण झालेलंही दिसतं, पण कागद हलत नाही. म्हणून सगळ्यात आधी:

सुडो डीपीकेजी --ॲड-आर्किटेक्चर आय३८६
सुडो एपीटी अपडेट

मग कॅननच्या दोन डेब फाइलींपैकी ‘कॉमन’वाली आधी, ‘कॅप्ट’वाली नंतर. क्रम उलटला तर दुसरी बसत नाही. हा प्रिंटर सीसीपीडी नावाच्या सेवेमार्फत बोलतो आणि ती सेवा सुरू होताना प्रिंटर चालू असावा लागतो. कागद निघत नसेल तर प्रिंटर चालू करून ‘सुडो सिस्टिमसीटीएल रिस्टार्ट सीसीपीडी’. सेकंडहँड घेताना घासाघीस करण्याइतकी सवड असेल, तर लिनक्ससाठी हा प्रिंटर घेऊच नका. घरात आधीच असेल तरच एवढी मेहनत.

एनव्हिडिया

‘उबंटू-ड्रायव्हर्स डिव्हायसेस’ द्या, ‘रेकमेंडेड’ लिहिलेलं निवडा, किंवा सरळ ‘सुडो उबंटू-ड्रायव्हर्स इन्स्टॉल’. कंपनीच्या साइटवरची रन फाइल नको. ती एपीटीच्या नोंदीत येत नाही आणि पुढच्या कर्नलला मोडते.

जीटी ७३० असेल तर जरा थांबा. या एका नावाखाली फर्मी आणि केप्लर अशा दोन पिढ्यांच्या चिपा विकल्या गेल्या. केप्लरला ४७० ची मालिका चालते. फर्मीला ३९० हीच शेवटची होती आणि तिचा आधार २०२२ अखेर संपला. फर्मी असेल तर उबंटूसोबत येणाऱ्या नूवो या मुक्त ड्रायव्हरवरच समाधान माना.

ड्रायव्हर घातल्यावर स्क्रीन काळी पडली तर कंट्रोल-आल्ट-एफ३ दाबा, लॉगिन करा आणि:

सुडो एपीटी पर्ज '^एनव्हिडिया-.*'

अवतरणचिन्हं सरळ, एकेरी. तिथवरही पोचता येत नसेल तर ग्रबमध्ये (मशीन सुरू होताना दिसणाऱ्या कर्नलच्या यादीत) ई दाबून लिनक्सनं सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘नोमोडसेट’ जोडा आणि एफ१० दाबा. हा बदल त्या एका बूटपुरताच असतो.

कर्नल बदलला आणि सगळं गेलं

महिनाभर सुरळीत चाललेलं ब्रॉडकॉम एका सकाळी गायब होतं. मधे आपोआप नवा कर्नल आलेला असतो. डीकेएमएस प्रत्येक नव्या कर्नलसाठी मॉड्यूल पुन्हा बांधतं, पण त्याला त्या कर्नलच्या हेडर फाइली लागतात. बहुतेक लेखांत चालू कर्नलच्या आकड्यासकट हेडर घालायला सांगतात. ते त्या दिवसापुरतं बरोबर असतं. पुढच्या कर्नलचे हेडर मग कोणीच आणत नाही. त्याऐवजी आकडा नसलेलं पॅकेज घाला:

सुडो एपीटी इन्स्टॉल लिनक्स-हेडर्स-जेनेरिक

आधी ‘यूनेम -आर’ पाहा. २४.०४ वर ६.८ पेक्षा नवा आकडा असेल तर तुमच्याकडे एचडब्ल्यूई (नव्या हार्डवेअरसाठीचा) कर्नल आहे, तेव्हा याच नावापुढे ‘-एचडब्ल्यूई-२४.०४’ जोडायचं. मग ‘डीकेएमएस स्टेटस’मध्ये चालू कर्नलच्या आकड्यासमोर ‘इन्स्टॉल्ड’ दिसायला हवं. ‘ॲडेड’वरच अडलं असेल तर ‘सुडो डीकेएमएस ऑटोइन्स्टॉल’ द्या. बांधणी फसली तर कारण मेक.लॉग फाइलीत असतं, वार, लिब, डीकेएमएस या वाटेनं मॉड्यूलच्या नावाच्या फोल्डरमध्ये. ती फाइल शेवटून वर वाचा, पहिली ‘एरर’ दिसेपर्यंत.

तोवर नेट हवं असेल तर रिस्टार्ट करताना एस्केप दाबा, जुन्या बायोसवर शिफ्ट. ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये मागचा कर्नल निवडा, वाय-फाय परत येईल. तो कर्नल चालू असताना ऑटोरिमूव्ह देऊ नका. आधी नव्या कर्नलवर मॉड्यूल बांधून घ्या.